पुस्तक मिटा आणि आठवा

आरंभी एक छोटा प्रयोग करू. कोथरूडच्या वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंतची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तुम्ही कोथरूडला राहत असाल, तर या टप्प्यावरील पाचही स्थानके तुम्ही अनेकदा पाहिली असतील. आता डोळे मिटून मधली तीन स्थानके क्रमाने सांगा. अडखळलात? ती अशी : आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप. नावे वाचताच 'हे तर ठाऊकच होते!' असे वाटले ना? कोथरूडबाहेरच्या वाचकांनी आपल्या नेहमीच्या एसटीचे थांबे आठवून पाहावेत.

ओळखणे आणि आठवणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. धडा चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि धडा 'झाला' असा आपला समज होतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो. तेथे स्वतःहून आठवावे लागते. रात्र रात्र जागून वाचलेले ऐन वेळी सुचले नाही, तर 'मला बुद्धीच कमी' असे मानू नका. तुम्ही ओळखण्याचा सराव केलात, आठवण्याचा नाही.

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे पडताळून पाहिले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदाच वाचून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के भाग आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के!

उजळणी केव्हा करावी? जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणून पहिली उजळणी लवकर करावी आणि पुढे अंतर वाढवत न्यावे.

समजा, आज तुम्ही 'प्रकाशाचे अपवर्तन' हा धडा नीट समजून घेतला. आता पुस्तक मिटा. अपवर्तनाचे दोन्ही नियम लिहा. काचेच्या चिपेतून जाणाऱ्या किरणाची आकृती काढून कोनांना नावे द्या. मग पुस्तक उघडून ताडून पाहा व चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करा. हेच उद्या, चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी करा. हे दिवस म्हणजे काही पंचांगातला मुहूर्त नव्हे. एखादा चुकला तरी बिघडत नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. तासाच्या आरंभी मागील आठवड्यातील धड्यावर तीन प्रश्न विचारावेत. त्यांना गुण नसावेत, म्हणजे चुकण्याची धास्ती राहणार नाही.

आता वर न पाहता सांगा पाहू : वनाज आणि गरवारे कॉलेज यांच्यामधली तीन स्थानके कोणती?