मोटारीतील स्टिरिओ आणि ओहमचा नियम

ओहमचा नियम पडताळून पाहण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. एक विद्युतघट, एक रोध, एक अँमीटर आणि एक व्होल्टमीटर एवढेच त्याचे सामान. आलेख सरळ रेषेत आला की गुरुजी सही करतात आणि नियम प्रयोगवहीत मिटून राहतो. गेल्या उन्हाळ्यात हाच नियम मला भाच्याच्या मोटारीत उपयोगी पडला. तो वहीतच राहिला असता तर त्या मोटारीचे काय झाले असते, याचे गणित पुढे येईलच.

भाचा नुकताच नोकरीला लागला आहे. त्याने एक जुनी, छोटी मोटार घेतली. गाण्याचा त्याला पहिल्यापासून नाद. ओळखीच्या एका गृहस्थांनी आपली मोठी मोटार विकताना तिच्यातील भारी स्टिरिओ काढून ठेवला होता. तो सगळा सरंजाम, म्हणजे समोर बसवायचा संच, सीटखाली ठेवायचा अँप्लिफायर आणि दोन स्पीकरजोड्या, याने अकरा हजारांना ठरवला आणि खोके घेऊन थेट माझ्याकडे आला. "मामा, चार दिवसांत परत करता येईल असं बोलणं झालंय. तुम्ही एकदा बघा. आणि हा समोरचाच संच दोनशे वॅटचा आहे बरं का!"

संचाच्या दर्शनी भागावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले होते खरे. मी संच उलटा केला. पाठीमागे वितळतार, म्हणजे आपला नेहमीचा फ्यूज होता आणि त्यावर आकडा होता १०. मोटारीचे एंजिन चालू असताना जनित्र सुमारे १४.४ व्होल्ट विभवांतर देते. १४.४ ला १० ने गुणले की १४४ वॅट होतात. म्हणजे या संचात सतत जाऊ शकणारी शक्ती फार तर १४४ वॅट. जो १४४ वॅट घेतो, तो २०० वॅट देणार कसा? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कारखानदारांनाही लागू आहे.

मग हे ५० आले कुठून? तेही ओहमच्या नियमातूनच आले आहे! स्पीकरचा रोध ४ ओहम धरा. त्याच्यावर पूर्ण १४.४ व्होल्टचे विभवांतर अखंड राहिले, तर शक्ती = १४.४ × १४.४ ÷ ४, म्हणजे जवळजवळ ५२ वॅट. परंतु असे व्हायचे तर सुराची लाट वरून आणि खालून कापली जाऊन चौकोनी व्हायला हवी. तसे झाल्यावर जे ऐकू येते त्याला गाणे म्हणत नाहीत, खरखर म्हणतात. शुद्ध सुराची लाट गोलाईदार असते आणि तिचे परिणामी विभवांतर काढण्यासाठी शिखरमूल्याला १.४१ ने भागावे लागते. १४.४ भागिले १.४१ म्हणजे १०.२ व्होल्ट. आता शक्ती १०.२ × १०.२ ÷ ४, म्हणजे २६ वॅट. ट्रान्झिस्टरमध्ये थोडे विभवांतर खर्च होते, तेव्हा हाती विसाच्या आसपास वॅट लागतात. छापलेला आकडा अगदीच खोटा नाही, पण तो संगीताचा नाही.

हे २६ वॅटही एका युक्तीमुळे मिळतात. जुन्या काळी स्पीकरचे एक टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असे आणि दुसऱ्या टोकाचे विभव मध्यापासून ७.२ व्होल्ट वर व ७.२ व्होल्ट खाली जाई. तेच गणित करून पाहा, साडेसहा वॅट येतील. आता स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट चालवतात. मोठी करवत दोघे सुतार दोन बाजूंनी ओढतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, तसेच हे आहे. विभवांतर दुप्पट झाले, म्हणून शक्ती चौपट झाली. म्हणूनच आजच्या संचातील स्पीकरची कोणतीही तार मोटारीच्या पत्र्याला टेकवायची नसते. जुन्या पद्धतीची सवय असलेले कारागीर ही चूक करतात आणि संच मुका होतो.

विसावर समाधान नसेल तर दोनच वाटा उरतात : रोध कमी करा किंवा विभवांतर वाढवा. भाच्याच्या अँप्लिफायरने दुसरी वाट धरलेली होती. बॅटरीचा प्रवाह एकदिश असतो आणि रोहित्राला एकदिश प्रवाह चालत नाही. म्हणून आत ट्रान्झिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात, त्या तुटक प्रवाहाचे विभवांतर एक कडीसारखे गोल रोहित्र वाढवते आणि तो पुन्हा एकदिश केला जातो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मोटोरोला नावाचा मोटार-रेडिओ १९३० साली बाजारात आला. त्या दशकातील निर्वात नळ्यांच्या रेडिओंना बॅटरीच्या ६ व्होल्टांतून दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत, तेव्हा थरथरणारी एक लोखंडी पट्टी प्रवाह तोडायचे हेच काम करी. तिची गुणगुण ऐकू येई, ट्रान्झिस्टरची येत नाही, एवढाच काय तो फरक.

या अँप्लिफायरवर चारी वाटांना मिळून २४० वॅट असे लिहिले होते आणि त्यावरचे एकूण ४० अँपिअरचे फ्यूज त्याला साजेसे होते. हा आकडा मी मान्य केला. मात्र विसाचे साठ वॅट झाले म्हणून आवाज तिप्पट होत नाही, हेही भाच्याला सांगितले. शक्ती तिप्पट झाली की आवाजाची पातळी जेमतेम ५ डेसिबेल वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट करावी लागते. जास्त वॅटचा खरा फायदा असा, की तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका आला तरी लाट कापली जात नाही.

मग स्पीकर. जुना स्पीकर घेताना एक साधा मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा विद्युतघट खिशात असावा. ४ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो, कारण मल्टिमीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काटा हललाच नाही तर आतले वेटोळे तुटलेले आहे. रोध एक-दीड ओहम दिसला तर मात्र जपून! काही महागड्या मोटारींत कारखान्यातूनच कमी रोधाचे स्पीकर बसवलेले असतात, म्हणजे वर सांगितलेली पहिली वाट. ते स्पीकर उत्तम असतील, पण नेहमीच्या संचाला जोडले तर त्यातून दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतील आणि संच जाळतील. ‘कंपनीचा भारी माल’ म्हणून स्वस्तात घेतलेली जोडी अशी महागात पडते.

विद्युतघट मोठ्या स्पीकरच्या टोकांना क्षणभरच टेकवा. धन टोकाला धन लावले तर शंकू बाहेर उसळतो, उलट लावले तर आत जातो. लहान, तीव्र सुरांच्या स्पीकरवर हा प्रयोग करू नका, त्याचे वेटोळे नाजूक असते. शंकू बोटांनी अलगद दाबून पाहा. घासल्याचा आवाज आला तर वेटोळे चुंबकाच्या फटीत तिरके बसले आहे. कडेची गादी फोमची असेल तर नखाने तपासा, आपल्या दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. आणखी एक गोष्ट पदार्थविज्ञानाबाहेरची आहे. बॅटरी सोडवल्यावर काही संच गुप्त आकडा मागतात. विकणाऱ्याला तो आकडा आणि मूळ पावती दोन्ही मागा. त्याच्याकडे ती नसतील तर तो संच त्याचाच आहे कशावरून?

भाच्याचे स्पीकर तपासणीत उतरले. घोटाळा निघाला तो तारेत. एका दुकानाने त्याला बसवण्याचे ‘तयार सामान’ दिले होते. त्यातील बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतची पाच मीटर लाल तार पेन्सिलीएवढी जाड दिसत होती. टोक सोलले तर जाडी सगळी प्लॅस्टिकची! आत तांब्याचे ३० बारीक तंतू होते. स्क्रू गेजने प्रत्येकाचा व्यास ०.२५ मिलिमीटर भरला, म्हणजे एकूण छेद जेमतेम दीड चौरस मिलिमीटर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या ताराही मिळतात. सुरीने खरवडल्यावर आत पांढरी चमक दिसली तर रोध आणखी दीडपटीहून जास्त असतो.

तांब्याचा विशिष्ट रोध १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. लांबीने गुणा, छेदाने भागा : तारेचा रोध आला ०.०५७ ओहम. किती क्षुल्लक वाटतो! पण अँप्लिफायर किती प्रवाह ओढेल? २४० वॅट बाहेर द्यायला तो सुमारे ४०० वॅट आत घेतो, बाकीची उष्णता होते. ४०० ला १३.८ ने भागले की २९, म्हणजे ३० अँपिअर धरू. आता ३० × ०.०५७, म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होणार आणि तारेत ५१ वॅट उष्णता निर्माण होणार, तीही गालिच्याखाली.

यापेक्षा गंभीर बाब दुसरीच होती. दुकानदाराने सांगितले होते, "फ्यूज सीटखाली अँपजवळच लावू, बदलायला सोपं जातं." म्हणजे बॅटरीपासून सीटपर्यंतची पाच मीटर तार बेवारस! समजा, सीट मागेपुढे सरकताना तिच्या लोखंडी पट्टीने फ्यूजच्या अलीकडे तारेचे आवरण कापले आणि तांबे पत्र्याला टेकले. मंडलात आता तारेचे ०.०५७ ओहम आणि बॅटरीचा अंतर्गत रोध, तो ०.०१ ओहम धरू, एवढाच रोध उरला. १२.६ भागिले ०.०६७ म्हणजे सुमारे १९० अँपिअर. बॅटरीला हे जड नाही, स्टार्टर फिरवताना ती शंभराहून अधिक अँपिअर देतेच. तारेत निर्माण होणारी उष्णता १९० × १९० × ०.०५७, म्हणजे २००० वॅट, म्हणजे दोन इस्त्र्या! पाच मीटर तारेतील तांबे फक्त ६७ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता ०.३८५ ज्यूल, म्हणून ही तार १ अंशाने तापायला २६ ज्यूल पुरतात. इथे सेकंदाला २००० मिळत आहेत. तापमान दर सेकंदाला ७५ अंशांनी वाढेल. तापताना रोधही वाढतो, म्हणून हा वेग पुढे थोडा बदलेल, पण दोन-तीन सेकंदांत प्लॅस्टिक मऊ होऊन गळू लागेल आणि मग शेजारी सीटचा फोम आहेच. सीटखालचा फ्यूज या सर्व काळात शाबूत राहील, कारण त्याच्यातून प्रवाह गेलेलाच नाही!

फ्यूज अँप्लिफायरसाठी असतो असे पुष्कळांना वाटते. अँप्लिफायरला त्याचा स्वतःचा फ्यूज असतो. वाटेतला फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा आणि त्याचा आकडा तारेला सोसेल इतकाच हवा.

हे गणित वहीत मांडलेले पाहून भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने १० चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची तार आणली. तिला आणखी नऊशे रुपये पडले आणि त्याबद्दल तो थोडा कुरकुरलाही. बसवताना आम्ही प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. आधी धन टोकाला हात घातला असता आणि पाना चुकून पत्र्याला लागला असता, तर वर सांगितलेले सगळे त्या पान्यातून घडले असते. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावला. पत्र्याच्या भोकात तार घासू नये म्हणून रबरी कडी बसवली. अँप्लिफायरचे ऋण टोक रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळले. गाण्याच्या संकेताची तार मोटारीच्या दुसऱ्या बाजूने नेली, नाहीतर जनित्राची किणकिण एंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत गाण्यात ऐकू येते.

शेवटी एकसुरी स्वर लावून मी प्रवाह मोजला. तो २२ अँपिअर भरला. बॅटरीचे धन टोक आणि अँप्लिफायरचे धन टोक यांच्यामध्ये लांब तारेने मल्टिमीटर लावला, तेव्हा ०.२१ व्होल्ट दिसले. नव्या तारेचा रोध काढून तुम्हीच पाहा, गणिताने ०.१९ येते. उरलेले ०.०२ व्होल्ट फ्यूजमध्ये आणि जोडांमध्ये गेले. जुनी लाल तार भाच्याकडून मी मागून घेतली. ती आता आमच्या प्रयोगशाळेत आहे, विशिष्ट रोधाच्या प्रयोगाला.