पाण्यावरील पालेभाज्यांच्या मुळांची निगा

मातीविना शेतीत पालक, लेट्यूस इत्यादी पालेभाज्यांची मुळे अहोरात्र पोषक द्रावणात असतात. तरीही ऐन उन्हाळ्यात दुपारच्या वेळी ही रोपे माना टाकताना दिसतात. अशा वेळी शेतकरी टाकीत खताची मात्रा वाढवितो. वस्तुतः उणीव बहुधा खताची नसून मुळांना मिळणाऱ्या हवेची असते.

मुळे श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमच राहतो. मुळांची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम हा मूळकुजीचा रोग त्वरित पडतो. पालक त्यास विशेष बळी पडतो. सर्व रोपांचे पाणी एकच असल्याने रोग एका रोपापाशी थांबत नाही व थोड्याच दिवसांत सबंध पीक हातचे जाते.

याकरिता पुढील काळजी घ्यावी.

१. द्रावणाचे तापमान शक्यतो १८ ते २४ अंश ठेवावे. टाकी सावलीत ठेवावी किंवा जमिनीत पुरावी. उघड्यावर असल्यास ती बाहेरून पांढरी रंगवावी. आत उजेड जाऊ देऊ नये. त्याने शेवाळ माजते.

२. खोल पाण्याच्या पद्धतीत हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. पन्हळीतून वाहत्या पाण्याचा थर पातळ असल्याने वीज जाताच मुळे सुकू लागतात. तेथे पर्यायी विजेची सोय आधीच करून ठेवावी.

३. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असावा. तो ७ च्या वर गेल्यास लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात.

४. उन्हाळ्यात रोपे पाणी अधिक शोषतात व द्रावण दाट होते. म्हणून विद्युत वाहकता मोजूनच साधे पाणी घालावे की खत, हे ठरवावे. लेट्यूससाठी ती १.२ ते १.८ डेसीसायमन प्रति मीटर पुरेशी होते.

दररोज सकाळी दोन-चार रोपे उचलून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरी असतात. ती तपकिरी, बुळबुळीत व दुर्गंधीयुक्त झाल्यास रोगट रोपे काढून टाकावीत, टाकी व पन्हळी निर्जंतुक कराव्यात आणि नवे द्रावण भरावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही खत सुचविण्यापूर्वी रोप उचलून मूळ पाहण्याचा परिपाठ ठेवावा.