निबंधांतील ‘कां?’

दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आपला कॉलेजांतील निबंध घेऊन आम्हांस भेटावयास आला. शाळेंत निबंधाचें बक्षीस बहुधा त्याचेंच असे. कॉलेजांत मात्र त्यास जेमतेम गुण मिळाले होते. विषय होता, ‘पानिपतावर मराठ्यांचा पराभव कां झाला?’ भाषा ओजस्वी, अक्षर मोत्यासारखें. परंतु चार पानें वाचून झालीं तरी ‘कां’चें उत्तर सांपडेना. हा दोष त्याचा नव्हे, आमचा. आम्हीं त्यास वर्णन करावयास शिकविलें, विचार मांडावयास शिकविलें नाहीं. त्या चुकीची अंशतः भरपाई म्हणून हे चार शब्द.

प्रथम प्रश्न नीट वाचावा. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पडले, भाऊसाहेब रणांत दिसेनासे झाले, हें सांगणें म्हणजे हकीकत. ती ‘काय झालें?’ याचें उत्तर देते, ‘कां झालें?’ याचें नाहीं.

दुसरें, कारणांची नुसती यादी देऊं नये; त्यांचा परस्परसंबंध दाखवावा. सैन्यासमवेत यात्रेकरू व कुटुंबकबिला पुष्कळ होता. सुरजमल जाट आधींच निघून गेला होता. रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्यें मारले गेले. दिल्लीकडील वाट अब्दालीनें अडविली. हीं कारणें एका सूत्रांत ओंवावीं: खाणारीं तोंडें फार, मित्र थोडे, धान्याची वाट बंद, म्हणून उपाशी सैन्यास लढाईची वेळ स्वतः निवडतां आली नाहीं. हें एक विधान निबंधाचा कणा होय. तें आरंभींच मांडावें, आणि पुढील प्रत्येक परिच्छेदानें त्यास एकेक आधार द्यावा.

तिसरें, आपल्याविरुद्ध जाणारा पुरावा लपवूं नये. इब्राहीमखान गारद्याच्या पलटणींनीं त्या दिवशीं रोहिल्यांची दाणादाण उडविली, व दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती. मग उपासमार हेंच एकमेव कारण कसें? अब्दालीनें राखून ठेवलेलें ताजें सैन्य ऐन वेळीं पुढें घातलें. मराठ्यांपाशीं तसें राखीव बळ उरलें नव्हतें, हेंही लिहिलें पाहिजे. असें केल्यानें विधान दुबळें होत नाहीं, उलट अधिक खरें होतें.

शेवटीं, लिहिलेलें खोडावयास शिकावें. ज्या वाक्यास ‘कशावरून?’ असें विचारतां उत्तर मिळत नाहीं, तें कितीही गोड असलें तरी काढून टाकावें. साधें व खरें बोलावें ही प्रभूची शिकवण लेखणीसही लागू आहे.

पालकांसही एक विनंती. मुलाच्या जड शब्दांचें कौतुक जरूर करा. परंतु जेवतांना त्यानें कांहीं मत ठोकून दिलें, तर प्रेमानें ‘कशावरून?’ असें विचारा. तो धडा आम्हीं शाळेंत देतों, त्याहून घरीं अधिक मुरतो.

त्या विद्यार्थ्यानें सुटी संपण्यापूर्वीं निबंध पुन्हां लिहून आणला. चार पानांचीं दोन झालीं होतीं. पण या वेळीं पहिल्याच परिच्छेदांत उत्तर होतें.