बेटांवरील वनस्पती आणि आपल्या बागा

बंगळुरू शहराच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची उद्योगनगरी आहे. १९७८ साली कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या परिसरात ती वसविली. ज्या तांबड्या मातीत पूर्वी नाचणी पिकत असे, तेथे आज कार्यालये, वसतिस्थाने आणि त्यांभोवती बागा आहेत. या बागांतील झाडे नीट पाहिली तर एक नवल दृष्टीस पडते. फाटकाजवळचा गुलमोहर, वाटेच्या कडेची सदाफुली, कुंडीतील अरेका पाम, पंख्यासारखी पाने पसरून उभा असलेला ट्रॅव्हलर्स पाम ही सर्व मूळची एकाच बेटावरची आहेत. ते बेट म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर होय.

समुद्रापासून दूर आणि सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या या पठारावर बेटावरच्या वनस्पती कशा रुजल्या, त्यांची निगा कशी राखावी, आणि ही निगा राखणे महत्त्वाचे का आहे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

बेटांचे दोन प्रकार

सर्व बेटे सारखी नसतात. काही बेटे मोठ्या भूखंडापासून तुटून निघालेली असतात, तर काही ज्वालामुखीमुळे समुद्रतळातून वर आलेली असतात. मादागास्कर पहिल्या प्रकारचे आहे. ते एके काळी भारताच्या भूखंडास जोडलेले होते. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही विलग झाले. मॉरिशस हे दुसऱ्या प्रकारचे, ज्वालामुखीजन्य बेट होय. ते सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आले, व तेथील प्रत्येक वनस्पतीचे पूर्वज वारा, पक्षी किंवा समुद्रप्रवाह यांनी आणलेले आहेत.

प्रकार कोणताही असो, भोवतालच्या समुद्रामुळे बाहेरच्या जातींशी संकर होत नाही. दीर्घ काळ एकाकी राहिल्याने तेथे अशा जाती निर्माण होतात, की ज्या पृथ्वीवर अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. अशा जातींना प्रदेशनिष्ठ जाती म्हणतात. मादागास्करमधील दर १० वनस्पतींपैकी ८ हून अधिक वनस्पती प्रदेशनिष्ठ आहेत. तेथील ताडवर्गीय झाडांच्या सुमारे २०० जाती आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ सर्व केवळ तेथल्याच आहेत.

काही ओळखीची झाडे

गुलमोहर मादागास्करच्या पश्चिम व उत्तर भागांतील कोरड्या पानझडी रानांत वाढतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १८२९ साली प्रसिद्ध झाले. जेथे वर्षातील काही महिने पाऊस पडत नाही, अशा प्रदेशाची त्याला सवय आहे. म्हणून दख्खनच्या पठारावर तो परका वाटत नाही. साताऱ्यात तर १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात.

सदाफुली आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती परदेशची आहे हे सांगूनही पटत नाही. तिच्या पानांत विषारी द्रव्ये असल्यामुळे जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील संशोधकांना याच द्रव्यांत व्हिंब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध सापडले. रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे व्हिंक्रिस्टिनही याच झाडापासून मिळते. (ही औषधे वैद्यांनीच द्यावयाची असतात; पाने खाणे धोक्याचे आहे.)

ट्रॅव्हलर्स पाम नावाने ताड असला, तरी तो केळीचा दूरचा नातलग आहे. त्याच्या देठांच्या तळाशी पावसाचे पाणी साठते. मूळ देशात त्याच्या फुलांचे परागण लेमूर नावाचे वानरसदृश प्राणी करतात.

बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचा बॉटल पाम मात्र मादागास्करचा नसून मॉरिशसजवळील राउंड आयलंड या लहानशा बेटाचा आहे.

लागवड

ही झाडे एकाच वर्गात घालून सर्वांस सारखीच वागणूक देणे ही बागेतील नेहमीची चूक होय. प्रत्येकाचे मूळ स्थान कसे होते, हे प्रथम विचारावे. अरेका पाम हा पावसाळी पूर्व किनाऱ्याचा असल्याने त्याला ओलावा व विरळ सावली मानवते. बॉटल पाम उघड्या, खडकाळ बेटाचा असल्याने त्याला भरपूर ऊन व उत्तम निचरा लागतो. मुळांशी पाणी साचले तर तो कुजतो. विलायती फणस, म्हणजे नीरफणस, हा प्रशांत महासागरातील बेटांचा वृक्ष. तो कोकणात व गोव्यात चांगला येतो, परंतु बंगळुरूच्या थंड रात्री त्याला फारशा सोसत नाहीत. १८८४ च्या जानेवारीत या शहराचे तापमान ७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, हे लक्षात ठेवावे.

नव्या वसाहतीत जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. वरची सुपीक माती बांधकामात निघून जाते, आणि तिच्या जागी विटा, चुना व सिमेंटचे तुकडे असलेला भराव येतो. चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते, मुळांना लोह मिळत नाही, व कोवळी पाने पिवळी पडतात. अशा वेळी नुसते खत घालून भागत नाही. तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन भराव काढून टाकावा; त्यात तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरावी.

ताडाच्या बहुतेक जातींत खोडास एकच शेंडा असतो. तो छाटला तर ते खोड मरते. म्हणून छाटणी केवळ वाळलेल्या पानांची करावी. गुलमोहराची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असल्यामुळे तो भिंतीजवळ किंवा विजेच्या तारांखाली लावू नये. मोसमी पावसापूर्वीच्या वादळात अशा जागी झाडही जाते व माणसेही धोक्यात येतात.

विद्यार्थ्यांसाठी तीन प्रयोग

१. गुलमोहराच्या २० बिया घ्या. १० बिया तशाच पेरा. उरलेल्या १० बियांवर कढत पाणी ओतून त्या रात्रभर भिजवा व मग पेरा. दोन्ही वाफ्यांत किती बिया किती दिवसांनी उगवल्या, याची नोंद ठेवा. बियांचे कठीण कवच कशासाठी असावे, याचा विचार करा.

२. अरेका पामच्या सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. एकीस साठविलेले पावसाचे पाणी द्या, दुसरीस कूपनलिकेचे. सहा महिने पानांच्या टोकांचे निरीक्षण करा. क्षारयुक्त पाण्याने टोके करपतात.

३. न्यू कॅलिडोनिया बेटांचा कुक पाइन हा वृक्ष आपल्या बागांत पुष्कळदा 'ख्रिसमस ट्री' म्हणून ओळखला जातो. विषुववृत्ताच्या उत्तरेस हा वृक्ष दक्षिणेकडे कलतो, व दक्षिणेस असता उत्तरेकडे, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका कल वाढतो. ओळंबा व होकायंत्र घेऊन आपल्या गावातील वृक्षाचा कल मोजा. बंगळुरू सुमारे १३ अंश अक्षांशावर, तर मुंबई सुमारे १९ अंशांवर आहे. दोन्ही ठिकाणच्या शाळांनी आपली मापे एकमेकींस कळवावीत.

बाग हा आश्रय

बेटावरील जातीस पळून जाण्यास जागा नसते. राउंड आयलंडवर माणसांनी सोडलेल्या शेळ्या व सशांनी कोवळी रोपे खाऊन टाकली, आणि बॉटल पाम निसर्गात अगदी थोडे उरले. १९७९ पर्यंत शेळ्या व १९८६ मध्ये ससे तेथून हटविल्यावर वनस्पतींना पुन्हा अवसर मिळाला. जगभरच्या बागांत विपुल असलेले हे झाड स्वतःच्या घरी मात्र दुर्मिळ आहे.

याहून करुण कथा त्याच्याच एका नातलगाची आहे. मॉरिशसमध्ये, जेथे एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही राहतात, क्यूरपिप गावच्या वनस्पतिउद्यानात हायोफोर्बे अमॅरिकॉलिस या ताडाचे एकच झाड उरले आहे. त्याची नर व मादी फुले निरनिराळ्या वेळी उमलतात. त्यामुळे आपोआप फळ धरणे कठीण. प्रयोगशाळेत त्याच्या बीजगर्भापासून रोपे तयार करण्यात आली, परंतु मातीत लावल्यावर ती जगली नाहीत. ते एक झाड पडले, तर पृथ्वीवरून एक जात नाहीशी होईल.

म्हणून बागेतील प्रत्येक झाडास नाव व मूळ स्थान लिहिलेली पाटी लावावी, बी कोठून आणले याची नोंद ठेवावी, आणि शक्य तेथे एकाच जातीची अनेक झाडे निरनिराळ्या बियांपासून वाढवावीत. मात्र बाहेरून आणलेली वनस्पती कुंपणाबाहेर पसरून स्थानिक झाडांस दडपीत नाही ना, याकडेही लक्ष असावे. बेटांचा नाश पुष्कळदा अशाच पाहुण्यांनी केला आहे.

बंगळुरूच्या लालबागेचा आरंभ हैदर अलीने १७६० साली केला. दूरदेशीची झाडे आणून ती येथील मातीत जगतात काय, हे तेथे पिढ्यान् पिढ्या पारखले गेले. शाळेच्या अंगणातील चार वाफ्यांतही तेच काम लहान प्रमाणावर करता येते. त्यासाठी लागते ती निरीक्षणाची सवय, एक नोंदवही, आणि झाडाच्या गतीने वाट पाहण्याचा धीर.