मोजून उतरलेले पाणी

आकाशातून पाणी ठरावीक प्रमाणात उतरविले जाते, असा सूरह अल-मोमिनूनमधील 18व्या आयतीचा आशय आहे. देणारा मोजून देतो. मग घेणाऱ्याने बेहिशेब वापरावे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे फार तर लिटरभर पाण्यात वुजू करीत, अशी नोंद बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आहे. मशिदीत हे माप आपण आदराने सांगतो. घरच्या मोरीत मात्र भांडी घासून होईपर्यंत नळ वाहतच असतो.

अहिल्यानगर शहराला मुळा धरणाचे पाणी पंपांनी उपसून आणावे लागते. पुढे घरची मोटार ते गच्चीवरील टाकीत चढविते. म्हणजे पाण्याबरोबर वीजही वाहून जाते. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते. घरानेही तसा ताळेबंद का मांडू नये?

त्याची सुरुवात ताटापासून होते. ताट बोटांनी पुसून स्वच्छ करावे. बरकत कोणत्या घासात आहे हे आपणांस ठाऊक नसते, ही शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे. ही सुन्नत पाळली की ताटाला खरकटे उरत नाही. तेलकट भांडी वेगळी ठेवून आधी पुसून घ्यावीत. घासताना नळ बंद असावा. मग एका घमेल्यात भांडी खळबळून दुसऱ्यातील स्वच्छ पाण्याने धुवावीत. हे शेवटचे पाणी झाडाला घालावे. झाडाचे फळ माणसाने वा पाखराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो.

एक खुलासा आवश्यक आहे. भांड्याला नजासत लागली असेल, तर ते पाक होईपर्यंत धुणे हा अपव्यय नव्हे. गरजेपलीकडचा वापर हाच इसराफ होय.

आता पुरुष वाचकांसाठी. घरी असताना प्रेषित (स.) कुटुंबीयांच्या सेवेत असत आणि नमाजची वेळ होताच बाहेर पडत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. तेव्हा भगिनींना काटकसरीचा उपदेश करण्यापूर्वी आपण स्वतः एक दिवस मोरीवर बसावे. बादली मोजून घ्यावी, भांडी घासावीत आणि उरलेले पाणी पाहावे. उपदेश किती सोपा होता, हे तेथे कळेल.

प्रत्येक नेमतीचा जाब द्यावयाचा आहे. अल्लाह आपणां सर्वांना मोजून वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.