ऊन, वाळा आणि चुना

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता! पृथ्वी तापत चालली, म्हणून असे दिवस वाढणारच. मग करायचे काय?

खिडकीला वाळ्याची ताटी लावून पाणी मारतात. पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेते. माठाचेही तसेच. मुंबईची हवा दमट, तिथे ताटी फार चालत नाही. पण मे महिन्यात विहिरीत पाणी कुठे असते? म्हणून टिनाच्या छपरावर चुना मारावा. पांढऱ्यावरून ऊन परत फिरते. यात पाणी एकदाच लागते.

अहमदाबादला २०१० च्या उन्हाने पुष्कळ माणसे दगावली. २०१३ पासून तिथे लोकांना आधीच इशारा देतात.

कोणी उन्हात बरळू लागला, अंग फार तापले, तर सावलीत न्यावे, अंगावर पाणी टाकून वारा घालावा, लगेच दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.