जुना लॅपटॉप टाकायचा की ठेवायचा?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६चा आहे. आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. काय करू?

उत्तर : दुकानदाराला विकायचंच असतं, त्याचं काय चुकलं! पण तुमचा प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, खोळंबा बहुतेक हार्ड डिस्कचा आहे. तिच्या आत तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० वेळा, आणि वाचणारी सुई माहिती शोधत इकडून तिकडे पळत राहते. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते. जुनी डिस्क शंभराच्या आसपास रेंगाळते. लहानसहान फायली शोधताना तर फरक याहून कितीतरी मोठा. २५६ जीबीची एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. मात्र आधी मागचं झाकण उघडून रॅमची जागा रिकामी आहे का ते बघून घ्या. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते.

एक अडचण उरते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. ब्राउझर, पत्रं, हिशेब एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे. टॅलीसारखं विंडोजसाठीच बनलेलं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र दुकानदाराचंच ऐका. जुनी डिस्क बाहेरून जोडायच्या केसमध्ये घालून फोटोंच्या बॅकअपला ठेवा.